दुसऱ्या खोलीतून

“आता तुम्ही मला सांगा,” तरुण डॉक्टरीण म्हणाली, “उद्या आम्ही तुमचं नेमकं काय करणार आहोत?”

हे एक वाक्य तिला अथपासून इतिपर्यंत कळलं, कारण मध्येच घोटभर पाणी प्यायला म्हणून डॉक्टरणीनं तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला होता आणि तो परत वर चढवायचं राहून गेलं होतं. ओठ दिसत होते. त्याआधीचं सगळं, खाटेजवळ स्टूल ओढून घेऊन ती जे काही सांगत होती ते, निळ्या कापडामागेच राहिलं होतं. कापड फुगायचं, बसायचं, थांबायचं. थांबलं की मान हलवायची, एवढं तिला माहीत होतं. तिनं ती हलवली होती. मध्ये एकदा भुवया किंचित वर नेऊन काळजी दाखवली होती, एकदा ओठ मिटून समजूतदारपणा दाखवला होता, आणि दोनदा ‘हो’ म्हटलं होतं, त्यातला दुसरा ‘हो’ जरा लांबवून, म्हणजे आपण विचार करून म्हणतोय असं वाटावं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं या कामात तिचा हात बसला होता. समोरच्याच्या चेहऱ्याला काय हवंय ते बघून देऊन टाकायचं. शब्द मागाहून आले तर आले. पण आजवर तिला कुणी असं उलटं विचारलं नव्हतं. शाळेत बाई विचारायच्या तसं. ती खाटेच्या कडेवर बसली होती, अंगात मागून बांधायचा दवाखान्याचा झगा, पायात घरातल्या चपला, आणि तिच्या डोक्यात त्या क्षणी धुऊन काढल्यासारखी इतकी स्वच्छ रिकामी जागा होती की तिला आपलीच भीती वाटली. “कान,” ती म्हणाली. मग पुढे काहीतरी जोडायला हवं म्हणून, “कान साफ करणार.”

डॉक्टरीण हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, तीही हसली असती आणि विषय मिटला असता. ती नुसती बघत राहिली, हातातलं पेन टोपणात घातलं, आणि मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “मी बोलले त्यातलं तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही. हो ना?” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, समोरून आलेल्या ‘हो ना’ला काय म्हणायचं ते तिला सुचेना.

कारखान्यात तिचा कान तिखट म्हणून प्रसिद्ध होता. गणवेश शिवायचा कारखाना होता तो. लांबच लांब दालनात शिलाईची यंत्रं सकाळी सुरू झाली की नव्यानं आलेल्या मुलींची डोकी उठायची, एकमेकींच्या कानाशी लागून ओरडल्याशिवाय बोलता यायचं नाही. ती टोकाच्या टेबलापाशी उभी राहून तयार शर्ट तपासायची, कॉलर, काज, बाहीची मुडप, आणि तिथून चौथ्या रांगेतली कोण कुणाला काय म्हणाली हे तिला कळायचं. त्या गदारोळात शब्द कसे वर उचलून धरल्यासारखे स्पष्ट यायचे. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं बंद पडली की मात्र सगळं बुडून जायचं. बायका डबे उघडून गोल करून बसायच्या, तोंडं हलायची, एकदम सगळ्या हसायच्या, आणि ती अर्ध्या क्षणानं मागून हसायची. तो अर्धा क्षण कुणाच्या लक्षात यायचा नाही, पण तिला तो पायरी चुकल्यासारखा लागायचा. मग तिनं डबा घेऊन मागच्या जिन्यावर बसायला सुरुवात केली. शिष्ट आहे, असं बोललं जाऊ लागलं. तेही तिच्या कानावर आलं ते यंत्रं सुरू असतानाच. तिनं ते राहू दिलं. शिष्टपणात निदान थोडा ताठा असतो. दुसरा जो शब्द होता त्यात काहीच नव्हतं, आणि तो तिनं स्वतःसाठी कधी मनातही वापरला नव्हता. तिच्या मते जगच हळूहळू पुटपुटायला लागलं होतं. दुकानदार पुटपुटत, शेजारीण पुटपुटे, बातम्या देणारा चांगला सुटाबुटातला माणूस तोंडातल्या तोंडात बोले. फोन वाजलेला कळायचा नाही, आणि कळला तरी पलीकडून धाकट्या भावाचा आवाज फुरफुरत यायचा, पाण्याखालून आल्यासारखा. ती ‘हो, हो, बरं’ म्हणायची आणि ठेवून द्यायची. पुढे तर उचलायचंच सोडलं. घरात एकटीच असल्यामुळे हे सगळं अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. एकट्या घरात आपल्याला ऐकू येत नाही हे सांगायला तरी कोण असतं? भांडं पडलं तर ते पडलेलं दिसतं.

मग एके दिवशी सुट्टीत, यंत्रं थांबलेली असताना, कापडाच्या गठ्ठ्यांची गाडी मागून येऊन तिच्या टाचेवर आदळली. गाडी ढकलणारा हमाल हात जोडत समोर आला. त्याच्या तोंडावरून कळत होतं की तो मघापासून ओरडत होता, आणि आजूबाजूच्या सगळ्यांच्या तोंडावरूनही. सुपरवायझरनं तिला बाजूला घेऊन, तिच्याकडे न बघता, कान दाखवून या म्हणून सांगितलं. म्हणून ती इथं आली होती. काचेच्या पेटीत बसवून तिच्या कानाची परीक्षा झाली. नंतर मोठ्या डॉक्टरांनी एका शांत, गालिचा घातलेल्या खोलीत, मास्क लावून, तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं मान हलवली. बाहेर आली तेव्हा तिला फक्त तारीख माहीत होती, तीही नर्सनं चिठ्ठीवर लिहून दिली होती म्हणून.

हे सगळं ती डॉक्टरणीला सांगू शकली नाही. तिनं एवढंच म्हटलं, “थोडं थोडं येतं.” डॉक्टरीण आता मोठ्यानं बोलू लागली. इतक्या मोठ्यानं की समोरच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली आणि भेटायला आलेली दोन माणसं वळून बघू लागली. ती कानकोंडी झाली. कानाच्या वॉर्डात येऊन कानकोंडं व्हायचं म्हणजे कमाल होती, पण झाली खरी. “ओरडू नका,” ती म्हणाली, “ओरडलं की शब्द फुटतात.” आणि मग तिच्या तोंडून असं काही निघालं की ते आपण कसं म्हटलं याचं तिला पुढे कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं. कुणाकडे काही मागायची तिला सवयच नव्हती. “कुठं आवाज असेल तिथं जाऊ या का? यंत्राचा वगैरे.”

कॉरिडॉरच्या टोकाला दवाखान्याचं धुलाईघर होतं. मोठाली पोलादी पिंपं गरगर फिरत होती, जमीन थरथरत होती, ओल्या कापडाचा आणि साबणाचा गरम वास भरून राहिला होता. तिथला माणूस चादरींच्या घड्या घालत होता. त्यानं दोघींकडे एकदा बघितलं आणि आपलं काम चालू ठेवलं. डॉक्टरीण चादरींच्या ढिगाला टेकून उभी राहिली आणि यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलू लागली. आणि ऐकू आलं. एकूण एक शब्द आला, त्याला कडा होत्या, वजन होतं. “या आजारात असंच होतं,” डॉक्टरीण म्हणाली, “गडबडीत जास्त ऐकू येतं. आणि स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटतो म्हणून माणूस हळू बोलायला लागतो. तुम्हीही किती हळू बोलता, माहीत आहे?” तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं आपण ठणठणीत बोलतो.

कानात आत तीन हाडं असतात, डॉक्टरीण सांगत होती, शरीरातली सगळ्यांत लहान. त्यातलं शेवटचं घोड्याच्या रिकिबीसारखं असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. आवाज आला की ते हलतं. तुमचं जागच्या जागी घट्ट बसलंय, गंजलेल्या बिजागरीसारखं. उद्या त्याचा वरचा भाग काढायचा आणि त्याच्या जागी एक बारीक दांडी बसवायची. तुम्ही जाग्या असाल. फक्त कान बधिर करू. बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. पण काहींना, थोड्यांनाच, त्या कानानं उरलंसुरलंही ऐकू येईनासं होतं, कायमचं. चक्कर येते, काही दिवस, क्वचित जास्त. जिभेची चव बदलू शकते. “आणि हे करायलाच हवं असं काही नाही,” ती म्हणाली. “कानाला मशीन लावूनही तुमचं भागेल. हे तुम्हाला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच.” “असेल,” ती म्हणाली. त्या गालिच्याच्या खोलीत तिनं कशाकशाला मान हलवली होती कोण जाणे. आतापर्यंतची भीती आंधळी होती, पावसाळी हवेसारखी सगळीकडे सारखी पसरलेली. आता तिला तोंड फुटलं होतं. कायमचं, हा शब्द पिंपाबरोबर गरगर फिरत होता. “आता सांगा,” डॉक्टरीण म्हणाली, आणि तिनं सांगितलं. रिकीब, दांडी, चक्कर, चव, मशीन. कायमचं, हेही सांगितलं. अडखळत, पण स्वतःच्या शब्दांत. डॉक्टरणीनं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं आणि म्हणाली, “सही आत्ता नको. सकाळी विचार करून सांगा.” मग जाता जाता, कागदावर काहीतरी भरायचं राहिलं म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं, “घरात आणखी कुणाला होतं का हे? हे बऱ्याचदा घराण्यात असतं. आई, वडील?”

“नाही,” ती म्हणाली. लगेच म्हणाली, आणि खाटेवर परत आली, पाय वर घेतले, चादर गुडघ्यांवर ओढली, आणि तेव्हा तिला आई दिसली. पाठमोरी. आई तिला नेहमी पाठमोरीच आठवायची: खिडकीशी बसून काहीतरी निवडताना, बटण लावताना, नुसती बाहेर बघताना. ती लहान होती, तापानं फणफणली होती, आतल्या खोलीत निजली होती आणि दारातून तिला आईची पाठ दिसत होती, वेणी, खांद्यावरचं शिवणीचं टोक. तिनं हाक मारली. आई हलली नाही. पुन्हा मारली, मग पुन्हा, घसा कोरडा पडेपर्यंत, आणि आई सुईत दोरा ओवत राहिली, दोरा ओठात ओला करून, डोळे बारीक करून, जगात जणू दुसरं काही नव्हतंच. मग ती उठली, भिंतीला धरत धरत गेली आणि आईच्या पाठीला हात लावला, तेव्हा आई दचकली आणि तिला कवटाळून रडली. पण ते रडणं तिच्या हिशेबात आलं नाही. हिशेबात आलं ते हे, की आईनं ऐकलं आणि ती आली नाही. त्यानंतर तिनं दुसऱ्या खोलीतून हाक मारणं सोडून दिलं. आईला नाही, आणि मग कुणालाच नाही. ती अशी मुलगी झाली जी जवळ जाऊन उभी राहते आणि वाट बघते. आई फार हळू बोलायची. येणारे-जाणारे म्हणायचे, किती तुटक, किती थंड बाई. आणि बसमध्ये बसली की हीच आई वेगळीच व्हायची. खिडकीच्या काचा खडखडायच्या, इंजिन घुरघुरायचं आणि आई वळून तिच्याशी बोलायची, गमती सांगायची, तिनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायची, खळखळून हसायची. बस थांबली की संपलं. घराचं दार उघडून आत गेलं की पुन्हा पाठ. लहानपणीच तिनं त्याचा अर्थ लावून टाकला होता: आईला घर नको आहे, आईला आपण फक्त रस्त्यावर आवडतो. किती मन लावून लावला होता तो अर्थ, आणि किती वर्षं तो नीट घडी घालून जपून ठेवला होता. आता धुलाईघराचा थरथराट अजून तळपायात होता आणि ती घडी आपोआप उलगडत चालली होती, तिला थांबवता येत नव्हती. गडबडीत जास्त ऐकू येतं. स्वतःचा आवाज मोठा वाटतो. आई, वडील?

आणि आईचं शेवटचं आजारपण. दुपारची वेळ होती, पडदे ओढलेले, घरात इतकी शांतता की चिमणीचा आवाज आला असता. तिला नाही, पण ज्याला येतो त्याला. आई उशीला टेकून बसली होती, हाताची कातडी कागदासारखी झाली होती. ती आईचा हात हातात घेऊन बसली होती आणि इतक्या वर्षांचं तिनं एकदाचं विचारलं. हळूच विचारलं. “आई, मी हाक मारली की तू येत का नव्हतीस गं?” आईनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. नीट, वाचल्यासारखं. मग हसली, समजूतदारपणे ओठ मिटले, मान हलवली आणि म्हणाली, “हो. हो गं.” दुसरा ‘हो’ जरा लांबवून. त्या ‘हो’नं तिला किती दिवस झोप येऊ दिली नव्हती. येत नव्हतेच, असं आई म्हणाली असं तिला वाटलं होतं. कबूल केलं आणि कारणही दिलं नाही. आता खाटेवर बसून तिनं तोच ‘हो’ आपल्या तोंडात धरून बघितला आणि तो तिच्या मापाचा निघाला, शिवणीसकट. म्हणजे आईला प्रश्न पोचलाच नव्हता. हे चांगलं की वाईट, ते तिला ठरवता येईना. आई आपल्यावर माया करत होती असं आता धरायला हरकत नव्हती. पण तो प्रश्न मात्र कुठंच गेला नव्हता, तसाच त्या पडदे ओढलेल्या खोलीत राहिला होता. दोघी जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत, एकमेकींना हवं ते देत बसल्या होत्या.

संध्याकाळी भाऊ आला. दुसऱ्या गावाहून, सुट्टी काढून, खांद्याला पिशवी. दवाखान्यानं कुणीतरी घरचं माणूस सोबत हवं म्हणून सांगितलं होतं, आणि घरचं म्हणण्यासारखा तोच होता. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून काहीतरी बोलला. “इथं उजेडात बस,” ती म्हणाली, “तोंड दिसेल असा. आणि सावकाश बोल.”

तो बसला. त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले होते, हे तिला माहीत नव्हतं. “म्हणजे इतकं आहे?”

“इतकं आहे.”

“मग फोन?”

“वाजलेला कळत नाही.”

तो खाली बघू लागला, मग आठवण होऊन तोंड वर केलं. “आम्ही समजलो तू रागावलीयस. ही तर म्हणत होती, आपलंच काहीतरी चुकलं असणार, एकदा जाऊन पाया पडून येऊ.”

तिला हसू आलं. धाकट्याची बायको तिच्या दारात पाया पडायला उभी आहे, बेल दाबते आहे आणि आत काहीच ऐकू जात नाही, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. मग ती म्हणाली, “आईलाही ऐकू येत नव्हतं.”

“आईला? काहीतरीच. आई रोज रेडिओ ऐकायची की.”

“कशी ऐकायची? आठवून बघ.”

तो आठवू लागला. तिला त्याच्या चेहऱ्यावर ते आठवणं दिसत होतं. लाकडी खोक्याचा रेडिओ होता, कपाटावर. आई त्याच्यासमोर उभी राहायची आणि कपाळ त्या खोक्याला टेकवायची, डोळे मिटून, कितीतरी वेळ. “तिचं डोकं दुखायचं ना,” तो म्हणाला. समोरच्या म्हातारीला जेवण आलं, ताटलीवरचं झाकण निघालं, वाफ वर गेली. “पण मग तिनं सांगितलं का नाही कुणाला?” त्यानं विचारलं.

“मी कुणाला सांगितलं?”

त्यानं तिच्या पायावरची चादर उगाच सारखी केली. लहानपणी भांडण झालं की तो तिला म्हणायचा, आईसारखीच आहेस तू, घुमी. आणि ते तिला दगडासारखं लागायचं. तिला वाटलं तो आता तेच म्हणेल आणि आता ते लागणार नाही. पण तो म्हणाला नाही. तिनं त्याला उद्याचं सगळं सांगितलं, डॉक्टरणीला सांगितलं तसं, आणि कायमचं या शब्दाशी पोचली तेव्हा त्यानं हात वर केला. “मग कशाला? मशीन लाव की. हल्ली किती छोटी येतात, कळतही नाही. उगाच चिरफाड करून घ्यायची आणि आहे ते घालवून बसायचं, हे कुणी सांगितलंय?”

बरोबर होतं त्याचं. तिच्याकडे त्याला सांगण्यासारखं कारण नव्हतं. मशीन काढून ठेवावं लागतं, आंघोळीला, झोपताना. असल्या कारणांनी कुणी कानात सुरी घालून घेत नाही. तिनं खूप शोधलं आणि जे सापडलं ते तिलाच पोरकट वाटलं, तरी तिनं ते म्हटलं. “मला दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारली तर ऐकू यायला हवी. झोपेतसुद्धा.”

“ताई,” तो म्हणाला, “तुझ्या घरात दुसऱ्या खोलीत कोण आहे?”

म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. शब्द सुटून गेले होते आणि ओठ इतके स्वच्छ दिसत होते की ऐकू आलं नाही असं दाखवायचीही सोय नव्हती. “कुणी नाही,” ती म्हणाली. भावानं तिचा हात धरला, जरा वेळ धरून ठेवला. मग नर्स आली, भेटायची वेळ संपली म्हणाली, आणि तो खाली बाकावर झोपायला गेला. तिला एक गोळी दिली. गोळी घेऊन ती भिंतीकडे तोंड करून पडली. उजव्या कानात नेहमीची हवा घोंगावत होती, शंखातल्यासारखी. उद्या कदाचित हीच तेवढी उरेल, तिला वाटलं. आपण इतकी वर्षं भीत होतो ते कशाला? शांततेला नाही, शांतता तर घरचीच. आपल्याला कुणी पकडेल याला. आता पकडलं होतं, आणि पकडल्यावर कळलं की पुढे काय करायचं ते पकडणाऱ्यालाही माहीत नसतं. तो म्हणतो, तुम्हीच ठरवा. हे असं ठरवणं एकटीनंच करायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि तिनं मान हलवली होती?

सकाळी डॉक्टरीण आली ती मास्क खाली ओढूनच आली. “काय ठरलं?” “करा,” ती म्हणाली. “सांगा मला पुन्हा एकदा.” तिनं पुन्हा सांगितलं, न अडखळता, मग सही केली. अक्षर वाकडं आलं, पण ते वाचता येत होतं. डॉक्टरणीनं तिच्या उजव्या कानामागे पेनानं खूण केली. थंड लागलं. भाऊ दरवाजापर्यंत चालत आला आणि तिथं त्याला थांबवलं. तिनं वळून बघितलं तेव्हा तो काहीतरी म्हणत होता. तिला ओठ वाचता आले नाहीत, आणि तिनं मान हलवली नाही, नुसता हात वर केला.

आत फार गार होतं. तिला कुशीवर वळवलं, तोंडावरून हिरवं कापड ओढलं, डोळ्यांपुढे कापडाचं विणकाम तेवढं राहिलं, तेही अगदी जवळून. डॉक्टरीण तिच्या कपाळाशी वाकून म्हणाली, “काहीही झालं तरी मान हलवायची नाही. जे असेल ते तोंडानं सांगायचं.” सुई टोचली, मग दुसरी, मग तो सगळा भाग दुसऱ्या कुणाचा तरी झाला. नंतर जे चाललं होतं ते तिच्या डोक्याच्या आत चाललं होतं, खरवडणं, कुरतडणं, कुणी माळ्यावर सामान हलवावं तसं. एकदा खाट कलली; कलली नव्हती, तीच कलली होती, सगळी खोली पाण्याच्या भोवऱ्यासारखी एका बाजूला ओतली गेली आणि तिनं खालच्या चादरीत नखं रुतवली. चक्कर, तिनं स्वतःला सांगितलं, हे सांगितलं होतं. कुणाचा तरी हात तिच्या हातावर आला. आई, असं तिनं मोठ्यानं म्हटलं की मनात, ते तिला कळलं नाही. मग खोली हळूहळू सरळ झाली.

काहीतरी थांबलं. कापडापलीकडे एक कुजबुज झाली, पुरुषाची. तिची मान हलायला निघालीच होती. तिला ते मानेच्या शिरांत कळलं, कसं सगळं आपोआप तयार झालं होतं, ओठसुद्धा. “नाही,” ती म्हणाली. “काहीतरी बोललात. पण काय ते नाही कळलं.” पुन्हा खरवडणं, अगदी बारीक, केसानं केस ओढावा तसं. आणि मग कापडावरून एक घाम आलेलं, दमलेलं, अगदी जवळचं वाक्य आलं. ते कुणी वर उचलून धरलेलं नव्हतं, त्याच्यामागे कसलाही गदारोळ नव्हता. “आता येतंय का ऐकू?”

“येतंय,” ती म्हणाली, आणि तिचा स्वतःचा आवाज इतका लांब, इतका लहान येऊन पोचला की क्षणभर तिला वाटलं दुसरंच कुणी उत्तर दिलं.

“छान. मी काय म्हणालो?”

तिनं सांगितलं. पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. कापडापलीकडे, पायांच्या बाजूला, कुठंतरी दाराजवळ दोन बायका बोलत होत्या. तिच्याशी नाही. हळू, हात कामात असताना बोलतात तसं. पोलादी भांड्यात काहीतरी ठेवल्याचा टिंग असा आवाज आला आणि त्यातून वाक्य तसंच चालू राहिलं. कुणाच्या तरी मुलीचे बूट होते. लाल. लहान झाले होते, पण मुलगी ते टाकू देत नव्हती, उशाशी घेऊन झोपत होती. गेली कितीतरी वर्षं तिला प्रत्येक शब्द जाऊन आणावा लागत होता, तोंडाकडे बघून, वाकून, अंदाज बांधून. कानावर पडणं म्हणतात ते काय असतं हे ती विसरूनच गेली होती. आणि आता ती पडून होती, डोळ्यांपुढे हिरवं कापड, आणि एक गोष्ट आपणहून येऊन तिच्या कानावर पडत होती. “अगं मग तू काय केलंस?” दुसरी विचारत होती.

“आता आत कापूस भरतो,” मोठे डॉक्टर म्हणाले. “आवाज पुन्हा दबेल. जखम भरेपर्यंत काही आठवडे तसंच वाटेल, घाबरायचं नाही. नंतर कळेल किती टिकलंय ते.”

“थांबा जरा,” ती म्हणाली.

“दुखतंय?”

“नाही. त्या बोलतायत ते पुरं होऊ दे.”

खोली गप्प झाली. पायाकडचं बोलणं तुटलं. आणि त्या गप्पपणातही कितीतरी होतं: कुठंतरी यंत्राची टिकटिक, कुणाचा तरी श्वास, कापडाला कापड घासल्याचा आवाज. “कोण बोलत होतं?” डॉक्टरांनी विचारलं. मग ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हसू होतं की वैताग ते तिला ओळखता आलं नाही, ओठ दिसत नव्हते, “बोला सिस्टर. पेशंट ऐकतायत.”

“काही नाही हो,” दाराकडची म्हणाली. “मुलीच्या बुटांचं.” आणि मग शाळेत उभं करून विचारल्यासारखी सांगू लागली, “ते बूट तिला लहान झाले होते, म्हणून मी ते—”

“तसं नाही,” ती कापडाखालून म्हणाली. “मघाचसारखं.”

भांड्यात पुन्हा काहीतरी ठेवलं गेलं. मग ती बाई आपल्या जोडीदारणीकडे वळली असावी, कारण आवाज थोडा फिरला, खाली उतरला, त्याच्यातला शाळेत उत्तर दिल्यासारखा कडकपणा गेला. “काय करणार गं,” ती म्हणाली, “पुढून कापून टाकले. बोटं बाहेर येतील एवढे. आता तसेच घालते नि दारात जाऊन बसते, येईल-जाईल त्याला पाय दाखवत.”

दुसरी हसली. आणि आणखी कुणीतरी, अगदी दाराबाहेर, जे तिला कधीच दिसणार नव्हतं, तेही हसलं.